कोनासमुद्रमची वडी, कॅन्सस सिटीचा सुरा

जून १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे डॉ. जॉर्ज पिअर्सन यांचा एक निबंध वाचला गेला. पिअर्सन सेंट जॉर्ज हॉस्पिटलातले डॉक्टर आणि रसायनशास्त्राचे जाणकार. निबंधाचा विषय होता, मुंबईत तयार होणारं आणि तिथे ‘वुट्झ’ म्हणून ओळखलं जाणारं पोलाद. चूक मथळ्यातच होती. मुंबईत हे पोलाद तयार होत नव्हतं, मुंबईहून ते फक्त जहाजात चढलं होतं. ते पाठवणारा हेलेनस स्कॉट हा कंपनी सरकारच्या नोकरीतला मुंबईचा डॉक्टर. इथल्या गोष्टींचे नमुने विलायतेला धाडण्याचा त्याला नाद होता. १७९४ मध्ये त्याने सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिलं आणि सोबत पोलादाच्या काही वड्या पाठवल्या. आपल्याला ठाऊक असलेल्या कुठल्याही पोलादापेक्षा हे कडक पाणी घेतं, असं त्याने कळवलं. बंदुकीच्या चापात गारगोटी जिथे आपटते तो भाग, लोखंड कातायची हत्यारं, दगडाच्या छिन्न्या, कानशी, करवती, सगळ्याला इथले लोक हेच वापरतात, हेही लिहिलं.

वड्या गोल, चपट्या, सुमारे पाच इंच रुंद आणि इंचभर जाड होत्या. वरून बघणाऱ्याला त्यांत काही विशेष दिसलं नसतं. पिअर्सन यांनी एक तुकडा जेम्स स्टोडार्टकडे दिला. स्टोडार्ट लंडनमधला नावाजलेला कारागीर, सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा. त्याने त्यातून एक कलमतराश चाकू केला आणि तो उत्तमातल्या उत्तम विलायती पोलादाच्या चाकूलाही भारी ठरला. तेव्हापासून स्टोडार्ट या पोलादाचा भक्तच झाला.

हे पोलाद ठोकणं मात्र सोपं नव्हतं. विलायती लोहाराला लोखंड पांढरंफटक होईपर्यंत तापवून घण घालायची सवय. या वडीत कार्बनचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे साध्या हत्यारी पोलादाच्या दीडपट-दुप्पट. इतका कार्बन असलेलं पोलाद पांढऱ्या आचेवर घणाखाली भुगा होऊन पडतं. ते लालबुंद असतानाच, हळूहळू, पुन्हापुन्हा तापवत ठोकावं लागतं. इराणच्या आणि दख्खनच्या लोहारांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. शेफील्डच्या लोहाराला ते कुणी सांगितलंच नाही, आणि पुष्कळ चांगल्या वड्या तिकडे फुकट गेल्या.

युरोपला ही वडी हवी होती ती कलमतराश चाकूसाठी नव्हे. त्यांना हवं होतं दमास्कसच्या तलवारीचं रहस्य. क्रुसेडच्या लढायांपासून युरोपात या तलवारींच्या दंतकथा फिरत होत्या. १८२५ मध्ये वॉल्टर स्कॉटने ‘द टॅलिस्मन’ या कादंबरीत सलादीनच्या हातून मऊ उशी तलवारीने चिरवली आणि दंतकथेवर शिक्कामोर्तब केलं (मुंबईचा स्कॉट वेगळा). या तलवारींच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असे. ती कोरलेली नसे, रंगवलेली नसे. पातं घासून त्याला आम्ल लावलं की ती आतून वर येई. आपल्याकडे या लहरींना जौहर म्हणत आणि असं पातं जौहरदार म्हणून ओळखलं जाई. तलवार दमास्कसच्या बाजारात विकली जाई, घडवली बहुधा इराणात जाई, पण पोलाद हिंदुस्थानातून जात असे. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने तर स्पष्टच लिहून ठेवलं आहे की अशी नक्षी धरणारं पोलाद गोवळकोंड्याहूनच येतं.

गोवळकोंड्याहून म्हणजे नेमकं कुठून?

तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यात, आपल्या नांदेडला लागून असलेल्या जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. १९५६ पर्यंत नांदेड आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. हेन्री व्हॉयसी हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर फिरणारा डॉक्टर आणि भूगर्भशास्त्रज्ञ. तो एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात तिथे गेला. १८२४ मध्ये तो वारला आणि त्याचं टिपण १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. टिपण लहानच आहे, पण डोळे उघडे ठेवून पाहिलेल्या माणसाचं आहे.

तिथले कारागीर दोन वेगवेगळ्या गावांचं लोखंड घेत, एकाचे तीन भाग, दुसऱ्याचे दोन. कोणतंही लोखंड चालत नसे. जुन्या भट्टीची माती आणि भाताचा तूस मळून मुशी केलेल्या असत. त्यांत लोखंडाचे तुकडे भरून तोंड मातीने लिंपायचं, मुशी भट्टीत रचायच्या आणि जनावरांच्या कातड्याच्या चार भात्यांनी चोवीस तास वारा द्यायचा. चोवीस तास भाते थांबायचे नाहीत, माणसं पाळीपाळीने बदलायची. मग मुशी भट्टीतच सावकाश गार होऊ द्यायच्या. फोडल्यावर निघणारी वडी इतकी टणक की तिच्यावर थेट हातोडा चालवण्यात अर्थ नाही. ती पुन्हा मातीत लपेटून बारा ते सोळा तास भाजायची, गार करायची आणि पुरेशी मऊ होईपर्यंत हे तीन-चार वेळा करायचं. पोलाद मऊ करण्यासाठी इतके सोपस्कार आणि तेवढा कोळसा! हिशेबी माणसाला हे वेडेपण वाटेल. पण जो माल घेणार होता त्याला वडीची पारख होती.

तो घेणारा माणूसही व्हॉयसीला तिथेच भेटला, इस्फहानहून आलेला एक व्यापारी. हे पोलाद आम्ही इराणात करून पाहिलं, पण जमलं नाही, असं त्याने व्हॉयसीला सांगितलं. या व्यापाऱ्यांना गाव, कारागीर आणि रीत सगळं ठाऊक होतं, तरी दरवेळी इतक्या दूर यावं लागत होतं. विज्ञानाच्या इतिहासात ही एक ओळ फार मोलाची आहे, असं मला वाटतं. रीत उचलून नेता येते. ती रीत ज्या मातीत रुजली ती माती नेता येत नाही. ते खरं आहे हे सिद्ध व्हायला पुढे पावणेदोनशे वर्षं गेली.

म्हैसूरकडची रीत थोडी निराळी होती. १८०० मध्ये फ्रान्सिस बुकॅनन हा डॉक्टर तिकडे फिरला. (त्या काळात हिंदुस्थानातलं निम्मं विज्ञान डॉक्टरांनीच टिपून ठेवलेलं दिसतं.) तिथे प्रत्येक मुशीत लोखंडाबरोबर तरवडाच्या काटक्या मोजून घालत आणि वर एका वेलीची दोन हिरवी पानं ठेवत. सेलमकडे वेलीच्या पानांऐवजी रुईची पानंही चालत. तरवड आणि रुई. आपल्या माळरानावर उगवणारी, शेळीही टाळते अशी ही झाडं जगभर नावाजलेल्या पोलादाच्या मुशीत जात होती. काटक्यांमधला कार्बन लोखंडात उतरायचा आणि लोखंडाचं पोलाद व्हायचं, हे आज शाळकरी मुलालाही कळेल. पानं कशाला, हे कळणं मात्र तितकं सोपं नव्हतं, विलायतेतल्या विद्वानांनाही.

त्या विद्वानांची गोष्ट मात्र मजेची आहे. बँक्स यांनी वड्यांचे तुकडे इंग्लंडभर वाटले. डेव्हिड मशेट याने १८०५ मध्ये सांगितलं की यात कार्बन नेहमीपेक्षा जास्त आहे. बरोबर सांगितलं, पण त्याने लहरींचा उलगडा झाला नाही. मग मैदानात उतरला मायकेल फॅरडे. विजेचा तो थोर शास्त्रज्ञ होण्यापूर्वीची ही गोष्ट. फॅरडे लोहाराचा मुलगा. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरातल्या भट्टीत स्टोडार्टबरोबर त्याने १८१८ पासून पाच-सहा वर्षं पोलादावर काम केलं. १८१९ मध्ये त्याने वुट्झचं पृथक्करण छापलं आणि निदान केलं की यात ॲल्युमिनियम आहे, लहरी त्यामुळेच येतात. निदान सपशेल चुकीचं होतं. पण त्या चुकीच्या मागे धावताना दोघांनी चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, जे हाताला लागेल ते पोलादात वितळवून पाहिलं. मिश्रधातूंच्या पोलादाचा पद्धतशीर अभ्यास तिथे सुरू झाला. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला आणि मग फॅरडेचं पोलादावरचं कामही थांबलं. १९३१ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी फॅरडेच्या त्या काळच्या पेटीतले ७९ नमुने नव्याने तपासले, तेव्हा जगाला कळलं की हा माणूस आपल्या काळाच्या किती पुढे होता.

पॅरिसच्या टांकसाळीतला ब्रेआं याने शेकडो प्रयोग केले आणि १८२३ मध्ये फॅरडेपेक्षा अचूक उत्तर दिलं: रहस्य परक्या धातूत नाही, जास्त कार्बनात आणि सावकाश गार होण्यात आहे. उरल पर्वतातल्या झ्लाताउस्तच्या कारखान्यात पावेल अनोसॉव्ह याने सूक्ष्मदर्शकाखाली पोलाद पाहिलं, मुशीत एकदा हिरासुद्धा टाकून पाहिला, आणि १८४१ मध्ये आपल्या ‘बुलात’ पोलादावर ग्रंथ लिहिला. लहरी त्यालाही काही पात्यांत मिळाल्या, पण ती रीत त्याच्यामागे टिकली नाही. इकडे मद्रासेत जोसाया हीथ याने देशी पोलादाची पद्धत पाहिली, १८३९ मध्ये शेफील्डला मँगनीज वापरण्याचं पेटंट घेतलं, आणि ते पेटंट वाचवता वाचवता कोर्टकचेरीत उरलेलं आयुष्य घालवलं.

या सगळ्या खटाटोपात मूळ वडीच नाहीशी होत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमधल्या भट्ट्या जवळपास विझल्या. का विझल्या? इंग्रजांनी मुद्दाम मारल्या, असं आपल्याकडे हमखास सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण पुरेसं नाही. १८५७ नंतर लोकांकडची हत्यारं काढून घेतली गेली आणि १८७८ चा शस्त्र कायदा आला, तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. जंगलं सरकारजमा झाली आणि कोळसा महागला. शेफील्डचं आणि पुढे बेसेमरच्या पद्धतीचं स्वस्त पोलाद बंदरात उतरू लागलं. आणि इराणच्या शहाच्या सैन्यालाही आता तलवारीपेक्षा बंदूक हवी होती. या कारणांत आणखी एक कारण दडलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता गोष्टीत दुसरा सुरा येतो.

नक्षीदार पोलाद करण्याची एक निराळी आणि फार जुनी रीत आहे. हिच्यात मूस नाही. दोन प्रकारच्या लोखंडाच्या किंवा पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या, पिळायच्या, दुमडायच्या. १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या सटन हू इथे जमिनीखाली जहाजात पुरलेल्या राजाबरोबर जी तलवार सापडली, ती सातव्या शतकातली, या रीतीची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधल्या लिएज शहरात आणि बर्मिंगहॅमला बंदुकांच्या नळ्या अशाच पट्ट्या गुंडाळून, सांधून होत, आणि त्यांवरच्या वळणदार नक्षीमुळे त्यांना सर्रास ‘दमास्कस’ म्हणत. म्हणजे एका नावाखाली दोन भिन्न कला. एकीत नक्षी पोलादाच्या पोटातून येते, दुसरीत कारागिराच्या हातून. पहिल्या महायुद्धापर्यंत नळ्यांचा धंदाही बसला आणि दुसरी रीतही हातातून निसटायला लागली.

तिला परत आणलं बिल मोरन याने. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या फ्रेडरिकजवळचा हा सुऱ्या घडवणारा. १९२५ चा जन्म, तरुणपणापासून भट्टीवर. त्या काळी अमेरिकेतले बहुतेक कारागीर तयार पट्टीतून सुरा कापून, घासून काढत. ऐरणीवर घडवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोरन त्यांतला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने पट्ट्या सांधून नक्षीदार पोलाद करण्याचे प्रयोग केले आणि १९७३ मध्ये कॅन्सस सिटीला सुरेवाल्यांच्या प्रदर्शनात आपले ‘दमास्कस’ सुरे मांडले. इतकंच नव्हे, ते कसे केले हे सांगणारी पुस्तिकाही फुकट वाटली. धंद्याचं गुपित पोराखेरीज कुणाला न सांगण्याची रीत जगातल्या सगळ्याच लोहारांत. मोरनने ती मोडली. १९७६ मध्ये त्याने आणि सोबत्यांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली. १९८८ मध्ये अर्कान्सासमधल्या वॉशिंग्टन या खेड्यात तिची शाळा सुरू झाली. प्रसिद्ध बोवी सुरा जिथे घडला असं तिकडे सांगतात, तेच हे गाव.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोरन कॅन्सस सिटीला शिकारीचे सुरे मांडत होता त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीला चाप बसला. शिकारीच्या सुऱ्याचं पुनरुज्जीवन व्हायला अमेरिकाच लागली असती.

मोरनच्या वळणाचा सुरा आज कसा होतो ते जरा जवळून पाहू. एक पोलाद १०९५ क्रमांकाचं, कार्बन एका टक्क्याच्या आसपास, आम्लात काळं पडणारं. दुसरं १५एन२०, मोठ्या करवतींच्या पात्यांचं, सुमारे दोन टक्के निकेलचं, आम्लाला दाद न देणारं. पट्ट्या घासून लख्ख करायच्या, गंजाचा किंवा तेलाचा डागही राहता कामा नये. पाच पट्ट्या आलटून पालटून रचल्या, कडेने बांधल्या आणि भट्टीत घातल्या. लाल झाल्या की वर टाकणखार भुरभुरायचा. तो वितळून सांध्यांत शिरतो, हवा अडवतो आणि लोखंडावरची खपली विरघळवतो. आच वाढत जाते, लाल आचेची नारिंगी आणि नारिंगीची पिवळी होते. पिवळीधमक झाली की गठ्ठा ऐरणीवर यायचा. आणि इथे नवशिक्याची हमखास फजिती होते, कारण तो जोराने घण घालतो. पहिले घाव हलके आणि भराभर हवेत, मधून सुरू करून कडेकडे सरकणारे, म्हणजे वितळलेला टाकणखार आणि मळ बाहेर फेकला जातो. फट राहिली, त्यात मळ अडकला, तर त्या क्षणी काही कळत नाही. चार तासांनी, पातं घासून होत आल्यावर, केसाएवढी काळी रेघ दिसते आणि सगळी मेहनत भंगारात.

सांधा बसला की गठ्ठा ताणून लांब करायचा, मधोमध छिन्नीने तोडून दुमडायचा आणि पुन्हा टाकणखार, पुन्हा पिवळी आच, पुन्हा घाव. पाचाचे दहा थर, दहाचे वीस, असं सहा दुमडींनी ३२० थर होतात. पदर पडावेत तसे, चिरोट्यासारखे, फक्त इथे लाटणं दोन किलोचं आणि चुकलेल्या घडीला माफी नाही. हे झालं साधं पोलाद. नक्षी अजून यायची आहे. गठ्ठा पिळला की तारे उमटतात. पृष्ठभागावर आडव्या खाचा पाडून ठोकून सपाट केलं की शिडी उमटते. लहान खड्डे पाडून ठोकलं की पावसाचे थेंब. लोहार नक्षी काढत नाही. तो थर वाकवतो, मग घासताना ते जिथे कापले जातात तिथे नक्षी आपोआप येते. म्हणूनच चांगला लोहार किती घासायचं याचा हिशेब पहिल्या घावापासून मनात ठेवतो.

मग पात्याला आकार. शिकारीचा सुरा फार लांब नसतो, चार-पाच इंचांचं पातं पुरतं. कातडं सोलायला पोट गोलसर लागतं, टोक खाली झुकलेलं. घडवून झालं की पाणी द्यायचं. पातं आठशे अंशांच्या आसपास, चुंबक चिकटायचं बंद होईल त्याच्या जरा वर तापवून, कोमट तेलात सरळ उतरवायचं. तेलातून काढल्यावर कानस लावून बघतात. ती घसरली तर पाणी बसलं. पण आता पातं काचेइतकं ठिसूळ आहे, म्हणून दोनशे अंशांच्या आसपास दोनदा भाजून पाणी उतरवायचं. धार, मूठ, पॉलिश झाल्यावर शेवटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचं. एक पोलाद काळं होतं, दुसरं चंदेरी राहतं, आणि नक्षी पहिल्यांदा दिसते.

मोरनच्या सोसायटीची सर्वोच्च पदवी मिळवायची तर निव्वळ नक्षी पुरत नाही. उमेदवाराने किमान तीनशे थरांच्या पोलादाचा सुरा करायचा, त्याने लटकता इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, लाकडी तुळईचा तुकडा दोनदा आरपार तोडायचा, एवढं करून त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि मग तो व्हाइसमध्ये धरून नव्वद अंशांत वाकवायचा. तुटला तर नापास. नक्षीखाली खरं पोलाद आहे की नाही, हे त्या वाकवण्यात कळतं.

मोरन यशस्वी झाला, पण इस्फहानच्या व्यापाऱ्याचा प्रश्न त्याने सोडवला नव्हता. तो सोडवला एका नालबंदाने. फ्लॉरिडातल्या विलिस्टनजवळचा आल्फ्रेड पेंड्रे घोड्यांना नाल ठोकून पोट भरायचा आणि फावल्या वेळात मुशीत पोलाद वितळवायचा. कधी त्याच्या पात्यावर जौहर यायचा, कधी यायचा नाही, आणि का ते त्याला कळत नव्हतं. त्याची जोडी जमली आयोवा राज्य विद्यापीठातल्या जॉन व्हर्होवेन या धातुशास्त्राच्या प्राध्यापकाशी. एकाकडे हात, दुसऱ्याकडे सूक्ष्मदर्शक. १९२४ मध्ये झ्शोके नावाच्या स्विस अभ्यासकाने बर्नच्या संग्रहालयातल्या अस्सल तलवारींचं पृथक्करण केलं होतं. त्याच तलवारींतले तुकडे या दोघांना अभ्यासाला मिळाले.

उत्तर १९९८ मध्ये छापलं गेलं. लहरी ज्या पांढऱ्या कणांच्या ओळींमुळे दिसतात ते लोखंड आणि कार्बनचे कण ओळीत बसतात ते व्हॅनेडियमसारख्या धातूच्या अत्यल्प अंशामुळे. किती अत्यल्प? लाखात चार भागही पुरतात. वडी गार होताना हा अंश ठरावीक जागी गोळा होतो, ठोकताना त्या जागांचे पातळ पदर होतात, आणि लालबुंद ते काळं, पुन्हा लालबुंद, असं वारंवार तापवत ठोकताना कण त्या पदरांवर येऊन बसतात. एकदोन आचांत काहीच दिसत नाही. धीर धरणाऱ्यालाच जौहर दिसतो. व्हॅनेडियम खनिजातून येतं. ते काही खाणींच्या खनिजात होतं, काहींच्या नव्हतं. खाण बदलली, संपली, की तीच मूस, तोच तरवड, तोच लोहार, पण लहर नाही. इराणात ते का जमलं नाही, फॅरडेला पृथक्करणात का सापडलं नाही, आणि भट्ट्या विझण्याच्या कारणांत दडलेलं ते आणखी एक कारण कोणतं असावं, याचं सर्वांत पटणारं उत्तर हेच. फॅरडे चुकीच्या धातूच्या मागे लागला, पण धातूचा माग काढायची दिशा त्याची बरोबर होती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पेंड्रेने जुन्या पात्यांवरची चाळीस पायऱ्यांची शिडी आणि गुलाबही करून दाखवला. रीत ओळखीची: खाचा पाडायच्या, भोकं पाडायची, ठोकून सपाट करायचं. आणि त्याच्या मुशीत लोखंड, कोळसा आणि काचेच्या तुकड्यांबरोबर चार हिरवी पानंही असत. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी एका जुन्या तलवारीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्याचं जाहीर केलं आणि वर्तमानपत्रांनी ‘प्राचीन नॅनो तंत्रज्ञान’ म्हणून डोक्यावर घेतलं. त्या नळ्यांनी तलवारीच्या धारेत काही फरक पडतो का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आपल्याकडे ती बातमी मात्र तलवारीपेक्षा वेगाने फिरली. त्यापेक्षा २०१० च्या सुमारास भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून उत्तर तेलंगणातल्या गावोगावच्या जुन्या भट्ट्यांची, मुशींच्या ढिगांची जी पाहणी केली, तिची बातमी व्हायला हवी होती. पेंड्रे २०१७ मध्ये वारला.

इस्फहानच्या व्यापाऱ्यासाठी जौहर हा मालाचा दाखला होता. तो दिसला की पोलाद कुठलं, कसं, ते त्याला कळे. आजच्या थरांच्या सुऱ्यावरची नक्षी पोलादाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त लोहाराच्या हाताबद्दल सांगते. हात चांगला असेल तर तेही थोडं नाही, पण तो ओळखायला नक्षीपलीकडे बघावं लागतं. आणि बाजारात तर साध्या पोलादावर लेझरने किंवा आम्लाने वरवर नक्षी छापलेलेही सुरे ‘अस्सल दमास्कस’ म्हणून खपतात. तेव्हा असा सुरा घ्यायचा झाल्यास विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: कोणती दोन पोलादं वापरली आहेत, आणि पाणी कसं दिलं आहे? खऱ्या कारागिराला या प्रश्नांचा आनंद होतो, तो उत्तर देत अर्धा तास घालवेल. उत्तराऐवजी दमास्कसच्या सुलतानाची गोष्ट ऐकू आली, तर पैसे खिशात ठेवा आणि स्वयंपाकघरासाठी साधा, चांगल्या पोलादाचा चाकू घ्या.